पहारीनं केलेली माती

द्राक्षबाग लावायची म्हटलं की निफाड-दिंडोरीकडचा शेतकरी आधी माती बघतो. निचरा कसा आहे, चुनखडी किती, मुरूम किती फुटांवर लागतो. हाच शेतकरी उत्तर पोर्तुगालमधल्या दोउरू नदीच्या खोऱ्यात, अजून बाग न लावलेल्या एखाद्या उतारावर उभा राहिला, तर त्याला बघायला धड मातीच मिळायची नाही. पायाखाली खडक, आणि चढण अशी की एक पाय वर, एक खाली. आणि शेजारच्याच उतारावर नदीच्या पाण्यापासून डोंगराच्या खांद्यापर्यंत द्राक्षवेलींच्या रांगा चढत गेलेल्या. त्याच्या पलीकडच्या डोंगरावरही त्याच, आणि त्याच्याही पलीकडे. या खोऱ्यात 40,000 हेक्टरहून जास्त जमीन द्राक्षांखाली आहे.

वेलीला माती लागते आणि डोंगरावर ती नव्हती. मग लोकांनी ती तयार केली.

या कामाला तिथे 'सुर्रीबा' म्हणतात. मजूर उतारावर रांगेनं उभे राहायचे आणि लोखंडी पहारी खडकाच्या फटींत घालून तो उकलायचे. जिथे पहार हरायची तिथे सुरुंगाची दारू. मीटर-सव्वा मीटर खोलपर्यंत डोंगर असा फोडत न्यायचा. निघालेले मोठे दगड उताराच्या कडेला रचून भिंत उभी करायची आणि उरलेला चुरा त्या भिंतीच्या मागे भरायचा. चुरा म्हणजेच माती. एक पायरी झाली की तिच्या वरची. मृदाशास्त्रज्ञ जगातल्या मातींचं वर्गीकरण करतात त्यात माणसानं घडवलेल्या मातीचा एक वेगळा वर्ग आहे, आणि दोउरूच्या बागांची माती त्या वर्गात मोडते. धान्य, फळं, कापूस, काहीही पिकवताना आपण माती गृहीत धरतो; ती निसर्गानं आधीच देऊन ठेवलेली असते. इथे पिकाच्या आधी मातीच पिकवावी लागली. मला दोउरूबद्दल सगळ्यात जास्त थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. तिथली वाईन, तिथले वाडे, तिथले इतिहासातले कर्तबगार लोक, सगळं त्यानंतर.

हा खडक कुठलाही असून चालला नसता. दोउरूच्या खोऱ्यात शिस्ट नावाचा दगड आहे. पूर्वी शाळेत जी दगडी पाटी असायची तिच्या जवळच्या नात्यातला. 50 कोटी वर्षांहून जुन्या समुद्रात साठलेला गाळ पुढे जमिनीच्या पोटात दाबला गेला, तापला, दुमडला गेला, आणि त्याचे पापुद्रे झाले. आपला सह्याद्री डोळ्यांपुढे आणा. लाव्हाचे थर एकावर एक आडवे पसरत गेले, म्हणून आपल्या डोंगरांना त्या सपाट पायऱ्या आणि कडे आहेत. शिस्टचं उलटं आहे. तिथे पापुद्रे पुष्कळ ठिकाणी उभे आहेत, फडताळात पुस्तकं उभी लावावीत तसे. या उभ्या पापुद्र्यांच्या मधल्या फटींतून पावसाचं पाणी खाली उतरतं आणि उन्हाळ्यात तिथेच दडून राहतं. वेलीचं मूळ त्या पाण्याच्या मागावर फटीफटीतून कित्येक मीटर खाली जातं. वरून कोरडाठाक दिसणारा डोंगर आतून वेलीला पाणी पाजत असतो. दिवसभर तापलेला हा दगड रात्री सावकाश ऊब सोडतो, आणि ती ऊबही घडांना मिळते.

आजूबाजूचा प्रदेश ग्रॅनाइटचा आहे. ग्रॅनाइट असा उभा उकलत नाही. म्हणून दोउरूच्या द्राक्षप्रदेशाची हद्द बऱ्याच ठिकाणी शिस्ट जिथे संपतो तिथेच संपते. पलीकडे ग्रॅनाइटवर वेगळी बाग, वेगळी वाईन, वेगळं नाव. तिथल्या लोकांनी या दगडाचा काही भाग वाया घालवला नाही. घराच्या भिंती त्याच्या, आणि वेलींना आधार द्यायला तारा ताणतात त्यांचे जुने खांबसुद्धा शिस्टच्या उभ्या फळ्यांचे.

भिंतींविषयी थोडं थांबून सांगायला हवं. कोकणातल्या वाचकाला त्या लगेच ओळखू येतील, कारण त्या गडगेच आहेत. चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड बसवलेला, मधल्या भेगांत छोट्या कपच्या ठोकलेल्या. मुसळधार पाऊस आला की पाणी भिंतीतून झिरपून जातं, मागे तुंबून तिला ढकलत नाही. पायरीला तिकडे 'सुकाल्कू' म्हणतात. सगळ्यात जुन्या पायऱ्या इतक्या अरुंद आहेत की एकीवर वेलींच्या एक किंवा दोनच ओळी मावतात. काही ठिकाणी तर वेल पायरीवर लावलेलीच नव्हती. भिंतीतच कोनाडे ठेवायचे, त्यांना 'पिल्येइरू' म्हणत, आणि वेल त्या कोनाड्यातून बाहेर काढायची. म्हणजे वरची सपाट जागा धान्याला मोकळी राहायची. भिंतीतून द्राक्षं आणि माथ्यावर गहू-राय! जमिनीचा इतका काटकसरीनं विचार करणाऱ्या माणसांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. पुष्कळसे गडगे शेजारच्या गालिसिया प्रांतातून, म्हणजे आजच्या स्पेनमधून, हंगामापुरत्या आलेल्या मजुरांनी बांधले. एवढंच त्यांच्याबद्दल लोक सांगतात.

आता हवामान. अटलांटिकवरून येणारे ढग आणि दोउरूचं खोरं यांच्या मधे मारांव नावाचा 1,415 मीटर उंचीचा डोंगर आडवा आहे. महाबळेश्वरला कोसळणारा पाऊस वाईच्या पुढे माणदेशात जाईपर्यंत कसा आटतो ते आपण जाणतो, तोच प्रकार. खोऱ्याच्या पश्चिम टोकाला रेग्वा गावाजवळ वर्षाला साधारण 900 मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून नदीच्या काठानं पूर्वेला, स्पेनच्या सीमेकडे जात राहिलं की तो 400 मिलिमीटरच्या आसपास येतो. त्याच नदीवर, त्याच दगडावर, दोन वेगळे देश असावेत असं. पश्चिमेला हिरवं दाट, पूर्वेला बदाम आणि ऑलिव्हची विरळ झाडं, आणि हिवाळा सरता सरता फुललेल्या बदामांचे पांढरे-गुलाबी उतार. तिथल्या हवेबद्दल एक म्हण आहे: नऊ महिने हिवाळा, तीन महिने नरक. पोर्तुगीजमध्ये हिवाळा म्हणजे 'इन्व्हेर्नु' आणि नरक म्हणजे 'इन्फेर्नु', त्यामुळे म्हण तोंडात चांगली घोळते. जुलै-ऑगस्टमध्ये खोऱ्याच्या तळाशी पारा 40 अंशांच्या वर जातो.

हिवाळ्यात मात्र वेल झोपते. पानं गळतात, काळी वाकडी खोडं उरतात, आणि तेव्हा छाटणी करतात. मार्चमध्ये डोळे फुटतात, सप्टेंबरात काढणी. आपल्याकडे वेलीला अशी झोप मिळत नाही, म्हणून नाशिक-सांगलीच्या शेतकऱ्याला एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, अशी दोनदा कात्री चालवावी लागते. वेल एकच, पण थंडी नसली की शेतकऱ्याचं कॅलेंडरच बदलतं.

1860 च्या दशकात या खोऱ्यावर संकट आलं. उत्तर अमेरिकेतून बोटींवाटे युरोपात पोचलेला फिलॉक्सेरा हा माव्यासारखा बारीक किडा वेलींच्या मुळांना लागला. वर औषध मारून उपयोग नाही, कारण तो जमिनीखाली. बागा वाळत गेल्या, लोक गावं सोडून गेले. कित्येक पायऱ्यांवर पुन्हा कधीच द्राक्षं लावली गेली नाहीत. त्या आजही दिसतात: झुडपांनी, ऑलिव्हनी भरलेल्या, गडगे अर्धे ढासळलेले. त्यांना तिथे 'मुर्तोरियु' म्हणतात, या शब्दात मरण आहे. हिरव्यागार बागांच्या मधोमध असा एखादा करडा उतार दिसला की तो दीडशे वर्षांपूर्वीचा घाव आहे असं समजावं.

इलाजही अमेरिकेतूनच आला. तिथल्या रानवेलींच्या मुळांना हा किडा मारू शकत नाही. मग खाली अमेरिकन वेलीचा खुंट आणि वर दोउरूच्या द्राक्षाचं कलम, अशी जोडवेल सगळीकडे लागली. आपल्या शेतकऱ्यांना हे नवीन नाही. महाराष्ट्रात 'डॉगरिज' खुंटावर कलम भरतात तो खुंटही मूळचा अमेरिकेतला, टेक्सासकडचा. आपल्याकडे तो क्षार आणि पाण्याच्या तुटवड्यासाठी आला, तिकडे किड्यासाठी. कलमाची युक्ती तीच.

या पडझडीच्या काळात खोऱ्यात ठाम उभी राहिलेली एक बाई होती, दोना आंतोनिया अदेलाइद फरैरा. जन्म रेग्वाचा, 1811 चा. तरुण वयात विधवा झाली आणि घराण्याचा द्राक्षांचा व्यवसाय तिनं हातात घेतला. इतर लोक जमिनी विकत होते तेव्हा ती घेत होती, पूर्वेकडच्या ओसाड भागात नव्या बागा लावत होती, मजुरांना काम देत होती. 1896 मध्ये ती गेली. खोऱ्यातले लोक अजूनही तिला 'फरैरिन्या', म्हणजे छोटी फरैरा, या लाडक्या नावानं ओळखतात.

त्याच्याही शंभर वर्षं मागे जाऊ. 1703 च्या करारानं पोर्तुगीज वाईनला इंग्लंडमध्ये फ्रेंच वाईनपेक्षा कमी जकात लागली आणि दोउरूच्या मालाला प्रचंड मागणी आली. मागणी आली की भेसळ येते. फिक्या वाईनला रंग यावा म्हणून तिच्यात एल्डर नावाच्या झुडपाची काळी फळं मिसळायला लागले. नाव खराब झालं, भाव पडले. तेव्हा पोर्तुगालचा कारभार सेबाश्तियांव जुझे द कार्व्हाल्यु ई मेलु याच्या हातात होता, पुढे तो पोंबालचा मार्क्विस झाला. गोव्याचा इतिहास वाचणाऱ्यांना हे नाव ठाऊक असतं: 1759 मध्ये जेझुइटांना पोर्तुगीज मुलखातून हाकललं ते यानंच, आणि 1774 मध्ये गोव्यातलं इन्क्विझिशन थांबवलं तेही त्याच्याच कारकिर्दीत. 1756 मध्ये त्यानं दोउरूच्या वाईनसाठी एक कंपनी स्थापन केली आणि कुठल्या उतारावरची वाईन परदेशी जाऊ शकते याची हद्दच आखून टाकली. हद्द कागदावर राहिली नाही. 335 ग्रॅनाइटचे खांब डोंगरांवर रोवले गेले. एल्डरची झुडपं उपटून टाकायचा हुकूम निघाला. त्या खांबांतले बरेच अजून जागेवर आहेत, काही बागेत, काही घरांच्या भिंतींत चिणलेले. आज आपण नाशिकच्या द्राक्षाला किंवा रत्नागिरीच्या हापूसला भौगोलिक मानांकन म्हणतो, त्या कल्पनेच्या जगातल्या सगळ्यात जुन्या अवतारांपैकी हा एक, आणि तोही दगडात रोवलेला.

दोउरूची जगप्रसिद्ध वाईन म्हणजे पोर्ट. गोव्याच्या दुकानांत 'पोर्ट वाईन' लिहिलेली स्थानिक गोड बाटली मिळते, तिचा या खोऱ्याशी संबंध फक्त नावाचा. खऱ्या पोर्टची गोडी साखर घालून आलेली नसते. द्राक्षाचा रस आंबायला लागला की त्यातली साखर हळूहळू मद्यार्कात बदलते. दोन-तीन दिवसांनी, साधारण निम्मी साखर उरलेली असताना, त्यात 77 टक्के तीव्रतेची द्राक्षाचीच दारू ओततात. आंबवणारं यीस्ट एवढ्या मद्यार्कात जगत नाही. आंबणं तिथेच थांबतं आणि उरलेली साखर जशीच्या तशी राहते. थोडक्यात, फळाची गोडी मधल्याच एका क्षणी पकडून ठेवलेली असते.

वेळ दोन-तीनच दिवसांचा, म्हणून सालीतला रंग आणि तुरटपणा झटपट उतरवावा लागतो. त्यासाठी 'लगार' असतात, ग्रॅनाइटचे उथळ, चौकोनी हौद. काही वाड्यांवर अजूनही त्यांत उतरून पायांनी द्राक्षं तुडवतात. आधी सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ओळीत उभे राहतात आणि कुणीतरी देत असलेल्या ठेक्यावर एकेक पाऊल पुढे सरकतात, गुडघ्यापर्यंतच्या गार लगद्यात. हे कंटाळवाणं, कष्टाचं काम तास-दोन तास चालतं. मग पुकारा होतो, 'लिबर्दाद', म्हणजे मोकळीक, आणि अकॉर्डियनवर नाच सुरू होतो. यात नुसती हौस नाही. पायाच्या तळव्यानं साल चिरडते पण बी फुटत नाही, आणि कडूपणा बीमध्ये असतो. यंत्र बनवणाऱ्यांना माणसाच्या तळपायाची नक्कल करायला बरीच वर्षं झगडावं लागलं.

नवी वाईन खोऱ्यात ठेवत नसत. तिथल्या उन्हाळ्यात ती शिजून निघाली असती. म्हणून नदीच्या मुखाशी, पोर्तू शहरासमोरच्या व्हिला नोव्हा द गाया इथल्या गार, दमट कोठारांत ती न्यायची. 1986 पर्यंत तर पोर्टची निर्यात गायातूनच व्हायला हवी असा नियम होता. नेण्याचं भांडं म्हणजे लाकडी पीप. पोर्तुगीज भाषेत 'पीपा', खोऱ्यातल्या हिशोबानं 550 लिटरचं. आपण न्हाणीघरात पाणी भरून ठेवतो ते पिंप त्याच शब्दावरून मराठीत आलं. पाव, चावी, साबण, बटाटा यांच्याबरोबर किनाऱ्यावर उतरलं आणि घराघरांत शिरलं.

पिंपं यायची 'रबेलू' नावाच्या सपाट बुडाच्या होडीतून. एक चौकोनी शीड आणि मागे लांबलचक सुकाणू. भरलेली होडी नदीच्या उसळत्या धारेतून खाली सोडायची, आणि रिकामी परत वर आणताना वारा पडला तर काठावरून बैल जोडून ओढायची. सगळ्यात भीतीची जागा 'काशांव द व्हालैरा' नावाची ग्रॅनाइटची खिंड होती. तिथे नदीच्या पात्रात इतका मोठा खडक होता की त्याच्या वरचा प्रदेश जलमार्गानं तुटलेलाच होता. 1780 ते 1792 अशी बारा वर्षं सुरुंग लावून तो फोडला, तेव्हा कुठे पूर्वेकडच्या डोंगरांत द्राक्षं लावण्यात अर्थ आला.

जोसेफ जेम्स फॉरेस्टर हा इंग्लंडमधल्या हल शहरातला माणूस 1831 मध्ये पोर्तूला आला आणि पुढचं आयुष्य या नदीला देऊन बसला. त्यानं दोउरूचा बारकाईचा नकाशा काढला, प्रत्येक धारेची नोंद केली. 12 मे 1861 रोजी त्याची होडी व्हालैरालाच उलटली आणि तो बुडाला. त्याचा देह सापडला नाही. त्याच होडीत दोना आंतोनिया होती, ती वाचली. तिच्या घेरदार झग्यांनी तिला तरंगत ठेवलं आणि फॉरेस्टरला कमरेच्या पैशाच्या पट्ट्यानं खाली ओढलं, असं लोक सांगतात. 1970-80 च्या दशकांत नदीवर पाच धरणं झाली. आता तिथे पाणी शांत आहे आणि त्यावरून पर्यटकांच्या बोटी जातात. रबेलू गायाच्या काठाला शोभेपुरत्या बांधलेल्या असतात.

नदीकाठी भाऊगर्दी, खरी गावं वर आहेत. फाव्हायुश सुमारे 600 मीटरच्या पठारावर आहे, तिथे सुगंधी मोश्कातेल द्राक्षं होतात आणि चार कोपऱ्यांचा पाव भाजतात. पावाला तिकडे 'पांव' म्हणतात, त्यामुळे मराठी माणसाला दुकानात भाषेची अडचण येऊ नये. प्रोव्हझेंद गावात दगडी वाडे आहेत, लहानशा वस्तीच्या मानानं खूप जास्त, द्राक्षाच्या चांगल्या दिवसांची खूण म्हणून राहिलेले. उकान्या गावात पुलावरच मनोरा बांधलेला आहे, तिथे पूर्वी मठासाठी जकात वसूल व्हायची. आणि खाली, नदीकाठच्या पिन्यांव स्टेशनच्या भिंतींवर निळ्या फरशांची 24 चित्रं आहेत, 1937 ची: काढणी, टोपल्या, लगार, होड्या. पणजीच्या फोंतेन्यासमध्ये घरांवर नावाच्या निळ्या फरशा पाहिल्या असतील तर ही कला ओळखीची वाटेल.

युनेस्कोनं 2001 मध्ये या खोऱ्याचा 24,600 हेक्टरचा भाग जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. पण गडगा हा असा वारसा आहे की तो दर पावसाळ्यानंतर कुठेतरी पडतो आणि कुणालातरी तो पुन्हा रचावा लागतो. 1970 च्या दशकापासून बुलडोझरनं मातीचे रुंद टप्पे काढायला सुरुवात झाली, त्यांना भिंत नसते. काही बागा तर सरळ उताराच्या दिशेनं खालून वर लावल्या. ट्रॅक्टर जातो, मजूर कमी लागतात, आणि ज्या गावांतली तरुण मंडळी शहरांकडे गेली तिथल्या शेतकऱ्याला याबद्दल दोष देता येत नाही. तरीही माझं मत स्पष्ट आहे. बिनचुन्याची भिंत रचणारा गवंडी तयार व्हायला वर्षं लागतात, आणि वारसा जपण्याचा पैसा आधी त्याच्या मजुरीवर खर्च व्हायला हवा, नंतर पाट्या आणि माहितीफलकांवर.

तिकडे जाणं झालंच तर बोटीऐवजी रेल्वेनं जा. पोर्तूच्या सांव बेंतु स्टेशनवरून निघालेला मार्ग खोऱ्याच्या आत पुसिन्युपर्यंत जातो, बहुतेक वाट नदीला अगदी लगटून. जाताना उजवीकडची खिडकी धरा. फर्रादोझाच्या पुलावर गाडी नदी ओलांडते, तिथे उठून डावीकडे जाऊन बसा.